कडू पाणी

नववीच्या वर्गाला मिश्रण आणि संयुग शिकवायचं असलं की दक्षा मकवाणा घरून डबाभर शेव-मुरमुरे घेऊन जायची. टेबलावर डबा उघडला की पाटडीच्या त्या शाळेतली अर्धी पोरं धडा सुरू व्हायच्या आधीच पुढच्या बाकांवर सरकायची.

"हे मिश्रण," ती सांगायची. "शेव शेवेच्या जागी, मुरमुरा मुरमुऱ्याच्या जागी. एकमेकांना खेटून बसलेत, पण कुणी कुणाचं झालेलं नाही. निवडायला बसलात तर निवडता येतील." मग ती चिमूटभर मीठ तळहातावर घ्यायची. "आणि हे संयुग. यातला सोडियम एकटा पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन एकटा हुंगला तर माणूस मरतो. पण एकाच्या अणूने एक इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्याच्या अणूने तो घेतला आणि त्यांच्यात बंध तयार झाला. आता दोघांनाही आपापला मूळ स्वभाव आठवत नाही. चाळणीने, गाळणीने, ऊन देऊन, कशानेही ते सुटायचे नाहीत."

"बेन, म्हणजे लग्न!" मागून कुणीतरी ओरडायचं.

"लग्न मिश्रण आहे की संयुग, ते तुझ्या बापाला विचार आणि उद्या येऊन वर्गात सांग."

वर्ग खो खो हसायचा. बहुतेक पोरं अगरियांची होती. आईबाप दिवाळीनंतर रणात, त्या खाऱ्या ओसाड मैदानात, मीठ पिकवायला जायचे ते उन्हाळा संपताना परतायचे. दक्षाही त्यांच्यातलीच, रणातल्या झोपड्यात जन्मलेली. मिठाचं तिला कौतुक नव्हतं आणि भीतीही नव्हती.

फेब्रुवारीत एका दुपारी पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर अल्लारखा शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. हातात मिठाची पिशवी होती.

"तुमच्या भीखाभाईंनी पाठवलंय, बेन. तपासून द्या म्हणाले. व्यापारी म्हणतो, हे रणातलं मीठच नाही. कारखान्यातलं विकत आणून माझ्या गळ्यात मारताय."

भीखा म्हणजे दक्षाच्या धाकट्या बहिणीचा, रंजनचा, नवरा. यंदा त्याने रणात खूप आत, कुणी न घेतलेल्या जागी नवी विहीर पाडून आगर मांडलं होतं. व्यापाऱ्याने मीठ उचललं नाही तर सगळा हंगाम मातीत जाणार होता.

शाळा सुटल्यावर दक्षा प्रयोगशाळेत बसली. रणातल्या विहिरीच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम असतं, सल्फेट असतात. कितीही जपून पिकवलं तरी ते थोडंफार मिठात उतरतंच. तिने पिशवीतलं मीठ पाण्यात विरघळवलं आणि परीक्षानळीत बेरियम क्लोराइडचे थेंब सोडले. सल्फेट असेल तर पांढरा साका दिसायला हवा. द्रावण नितळ राहिलं. मॅग्नेशियमची चाचणी घेतली, कॅल्शियमची घेतली. नितळच. रसायनं जुनी झाली असतील म्हणून शिपायाकडून कोपऱ्यावरच्या दुकानातलं मीठ मागवलं. ते एका थेंबात गढुळलं.

म्हणजे रसायनं ठणठणीत होती. भीखाच्या मिठातच मिठाशिवाय काही नव्हतं. धुळीचा कणसुद्धा नाही. उघड्या रणात, वाऱ्याधुळीत पिकलेलं मीठ असं असू शकत नाही, हे तिला पोरगी असल्यापासून माहीत होतं.

"जाऊन बघून येते," घरी तिने नवऱ्याला सांगितलं. "शिवरात्रीची सुट्टी आहेच. रंजनलाही भेटायचंय."

जयंतीभाईंनी मान हलवली. मिठाचं निमित्त आहे, हे त्यांना कळत होतं. गेल्या हंगामात रणात तापाने रंजनची मित्तल गेली. पाच वर्षांची होती. गाडी मिळेपर्यंत पोर आईच्या मांडीवरच गार झालं. त्यानंतर रंजन दिवाळीपर्यंत नीट जेवली नव्हती. भीखा तिला परत रणात घेऊन निघाला तेव्हा दक्षा त्याच्याशी कडाकडा भांडली होती.

दक्षाला ते दुःख नुसतं ऐकून माहीत नव्हतं. तिची स्वतःची धारा तीन वर्षांची असताना मेंदूज्वराने गेली होती. त्याला बरीच वर्षं लोटली, पण सकाळी डोळे उघडल्याबरोबर पहिल्यांदा छातीवर तो दगड येऊन बसायचा आणि मग दक्षा उठायची. तिने तो कधी उतरवायचा प्रयत्न केला नाही. धाराचं तेवढंच तिच्याजवळ उरलं होतं.

शिवरात्रीला सकाळीच ती अल्लारखाच्या टँकरमध्ये बसली. रण नेहमीसारखंच होतं. भेगाळलेली सपाट जमीन, लांबवर थरथरणारं मृगजळ, कुठे घुडखरांचा, त्या रानगाढवांचा, कळप. भीखाचं आगर जवळ आल्यावर अल्लारखाने गाडीचा वेग कमी केला.

"मी पुढच्या आगरांना पाणी देऊन दुपारी परत येतो. तयार राहा, बेन. तिथे थांबायला लावू नका."

"चहा तरी घेऊन जा."

"इथला चहा नको." तो समोर बघत म्हणाला. "जमत नाही मला तो."

रंजन झोपड्यातून धावत आली आणि बहिणीच्या गळ्यात पडली. तिच्या अंगावर मांस चढलं होतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. "अगं बेन, किती वाळलीस! शाळेतली पोरं खातात की काय तुला?" दक्षाला इतकं बरं वाटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

रंजनने चुलीवर चहा ठेवला. उकळल्यावर पातेलं उतरवायला हाताशी पडलेलं एक फडकं उचललं. पिवळ्या फुलांचं, गळ्याशी झालर असलेलं.

"रंजन, हा मित्तलचा फ्रॉक ना?"

"तिचाच. जाड कापड आहे. चटका बसत नाही."

तिने चहा गाळून बशीत ओतला. तिचा आवाज सहज होता. त्यात कुठे काही दाबून ठेवलेलं नव्हतं.

दक्षा बशीकडे बघत राहिली. चहाचा रंग हळूहळू बदलत होता. दूध एका काठाकडे सरकत होतं, दुसरीकडे तपकिरी पाणी, आणि मधोमध साखरेचे पांढरे कण तळाशी बसू लागले होते. विरघळलेली साखर अशी परत बसत नाही. तिने बशी हलवली. क्षणभर सगळं एक झालं आणि पुन्हा वेगळं व्हायला लागलं.

"पटकन पी, बेन," भीखा दारातून म्हणाला. स्वतःच्या बशीत तो बोट फिरवत होता, जन्मभराची सवय असल्यासारखा. "नाहीतर सुटतो."

"कधीपासून?"

"विहिरीला पाणी लागल्यापासून. रोटला पण होत नाही. पीठ मळलं की पाणी वेगळं, पीठ वेगळं. आता बाजरी भाजूनच खातो."

त्याने कोपऱ्यातला लोटा तिच्यापुढे ठेवला. आईने रंजनला लग्नात दिलेला पितळी लोटा. त्याची एक बाजू तांबूस झाली होती आणि दुसरी निळसर पांढरी. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त वितळवून केलेलं मिश्रण. ते वेगळं करायला भट्टी लागते. दक्षाने तांब्याच्या आणि जस्ताच्या मधल्या रेषेवरून नख फिरवलं. रेष जस्ताच्या बाजूला जरा हलल्यासारखी वाटली. तिने लोटा खाली ठेवला.

रंजन पाणी आणायला टाकीकडे गेली तेव्हा दक्षाने भीखाला गाठलं.

"ती मित्तलसाठी रडत नाही?"

"नाही. इथे आल्यावर काही दिवसांत थांबलं. माझंही थांबलं." तो जमिनीकडे बघत होता. "खोटं कशाला बोलू, बेन? पहिल्यांदा बरं वाटलं. झोप लागायला लागली. देवाने ऐकलं म्हटलं."

"आणि आता?"

"परवा जेवताना माझ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, भीखा, तू माझा नवरा आहेस हे मला माहीत आहे. पण त्याचं काय करायचं असतं?"

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? मलाही आठवेना."

दक्षा उठली. एरवी तिने दहा शंका काढल्या असत्या, पण आता तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. चहा सुटला, पीठ सुटलं, पितळ सुटलं. ही सगळी मिश्रणं. मीठ मात्र मीठच राहिलं होतं, पाणी पाणीच राहिलं होतं. जिथे खरा बंध आहे तिथे या जागेचं काही चालत नव्हतं. मग आईचं आपल्या लेकराशी असतं ते काय शेव-मुरमुऱ्यासारखं असतं? ते तिला मान्य नव्हतं. आणि सुटलंच असेल तर कुठेतरी जाऊन साचलं असेल. जे वेगळं होतं ते नाहीसं होत नाही. हे तर ती दरवर्षी पोरांना शिकवायची.

"मीठ धरल्यावर उरलेलं कडू पाणी कुठे सोडतोस?"

भीखाने आगराच्या खालच्या टोकाकडे बोट दाखवलं.

ती वाफ्यांच्या बांधावरून चालत निघाली. ऊन डोक्यावर आलं होतं. वाफ्यातलं मीठ इतकं पांढरं होतं की त्याला धड चमकही नव्हती. बाकीच्या आगरांत मातीचा, शेवाळाचा, सडक्या पाण्याचा वास येतो. इथे कसलाच वास नव्हता. घुडखरांच्या खुरांचे माग रणातून सरळ येत होते आणि आगरापासून लांबवर एका ठिकाणी सगळे वळून गेले होते.

कडू पाण्याचा चर शेवटच्या वाफ्यापलीकडे होता. असं पाणी तिने लहानपणापासून पाहिलं होतं, पिवळट आणि तेलकट. हे जवळजवळ काळं होतं. वारा चांगला वाहत होता. वाफ्यांतल्या पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. चरातल्या पाण्यावर एकही नव्हती.

तिने बरोबर आणलेला प्लॅस्टिकचा कॅन उघडला आणि काठावर उकिडवी बसली. काठ ढासळला.

ती मांडीपर्यंत पाण्यात गेली.

पाणी गार होतं. भर दुपारी, उघड्यावरचं, कमरेलाही न पोचणारं पाणी विहिरीच्या तळासारखं गार होतं. तिने दात आवळले. आलोच आहोत तर भरूनच निघायचं, असं ठरवून तिने कॅन पाण्याखाली दाबला.

कॅनमध्ये पाणी शिरताना गुडगुड झाली नाही. तोंडावर पदर दाबून कुणी हुंदका गिळावा, तसा आवाज आला. मग तसाच दुसरा, पण तो वेगळ्या कुणाचा तरी.

तिने हात काढला नाही.

कॅन भरला. झाकण लावून ती चर चढून वर आली. तिला एकदम मोकळं वाटत होतं, मोठं ओझं उतरवून ठेवल्यासारखं. काम झालं त्याचंच हे, असं तिला वाटलं.

झोपड्याशी येऊन ती म्हणाली, "रंजन, कपडे घे. माझ्याबरोबर चल."

ती भांडेल, चिडेल, या तयारीने दक्षा उभी होती. रंजनने नुसतं विचारलं, "किती दिवस?"

"कायमची."

"बरं." आणि ती गाठोडं बांधायला लागली. भीखाकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

लांबून टँकरचा धुरळा दिसायला लागला. "तूही चल," दक्षा भीखाला म्हणाली. "तुम्हाला दोघांनाही यातून बाहेर काढते. काय करायचं ते मला कळलंय."

भीखाने कॅनकडे पाहिलं. त्यात काय आहे, ते त्याला सांगावं लागलं नाही. तो दोन पावलं मागे सरकला.

"मला नको, बेन. रंजनला दे. मला परत नको ते."

टँकर निघाला तेव्हा तो बांधावर पाठमोरा बसला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी पाटडीच्या घरात दक्षाने जयंतीभाईंना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते दोनदा हसायला गेले आणि दोन्ही वेळा गप्प झाले. रंजन ओसरीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होती. खायला दिलं की खात होती, बोललं की बोलत होती.

"पाजणार आहेस तिला ते?" जयंतीभाईंनी विचारलं. "विष असलं तर?"

"विष नाही. मॅग्नेशियमचे क्षार आहेत. चमचाभराने फार तर जुलाब होतील." दक्षा ताकाचा पेला भरत होती. "मिश्रणातून जे वेगळं झालं, ते परत मिसळता येतं. तेवढंच करायचंय."

पहिल्या चमच्याने काही झालं नाही. ताक कडू आहे म्हणून रंजनने तोंड वाकडं केलं. थोड्या वेळाने दक्षाने दुसरा पेला दिला. मग तिसरा. तिला घाई नव्हती. गरज पडली असती तर तिने आठवडाभर रजा काढून हेच केलं असतं.

तिसऱ्या पेल्यानंतर रंजनने आजूबाजूला पाहिलं.

"बेन, माझ्या मित्तलचा फ्रॉक कुठे राहिला?"

आणि मग तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो ऐकून शेजारच्या बायका दारात आल्या. ती जमिनीवर पडली, कपाळ आपटू लागली. मित्तलचं नाव घेत, भीखाला हाका मारत, त्या फ्रॉकने आपण पातेली उतरवली म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारत रडली. जयंतीभाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले. दक्षा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जिंकले, असं तिच्या मनात आलं. शेजारणींना तिने खुणेनेच जायला सांगितलं.

ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत रंजन थकली. उठून बसली, पाणी प्यायली, नाक शिंकरलं. "भीखाला आणायला हवं," म्हणाली. अगदी पहिल्यासारखी रंजन.

मग तिचे डोळे पुन्हा भरून आले. यावेळी ती ओरडली नाही. डाव्या हाताच्या मुठीत पदर गोळा करून, तो छातीशी धरून, पुढे-मागे डोलायला लागली. जयंतीभाई उभे होते ते हळूच खाली बसले. असं डोलताना त्यांनी एकाच बाईला पाहिलं होतं.

"धारा," रंजन म्हणाली. "माझी धारू."

"रंजन?" जयंतीभाई म्हणाले.

"किती गरम होतं तिचं अंग. मी पाय चोळत होते. एका पायातला मोजा निघून माझ्या हातात आला. सगळे तिला उचलायला आले तेव्हा मी तो पोलक्यात लपवला. कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. अजून काढते कधीकधी. आता वास येत नाही त्याला, तरी काढते."

जयंतीभाईंनी दक्षाकडे पाहिलं. "मोजा?"

"हो, खरंय," दक्षा म्हणाली. "तांदळाच्या पिंपामागे आहे, बरणीत." काडेपेटी कुठे आहे ते सांगावं तशी ती बोलली. मग तिला आठवलं की रंजनला हे माहीत असण्याचं काही कारण नाही. नवल आहे, असं तिला वाटलं. तेवढंच वाटलं.

सकाळी डोळे उघडल्यावर आपण लगेच उठलो होतो, हेही तिच्या ध्यानात आलं.

रंजन डोलत होती. धारूने पहिल्यांदा पाऊस कसा पाहिला, ते सांगत होती. मग मधेच थांबली, आणि कुणा तिसऱ्याच लेकराचं नाव घेऊन रडायला लागली. ते नाव त्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं.

"दक्षा." जयंतीभाई तिच्याकडे वळले. "कॅनमध्ये उरलंय का अजून?"

तिने कॅन हलवून पाहिला. तळाशी थोडं उरलं होतं.

"आहे घोटभर."

"पी ते. माझ्यासाठी पी. आत्ताच्या आत्ता."

दक्षाने क्षणभर विचार केला. ताक संपलं होतं. नुसतं ते फार कडू लागलं असतं. आणि रंजनचं काम तर झालंच होतं. ती कॅन घेऊन मोरीशी गेली, उरलेलं पाणी ओतून दिलं, दोनदा विसळून कॅन उन्हात पालथा घातला.

जयंतीभाई धावत आले आणि मोरीत गुडघे टेकून, दोन्ही तळहातांनी ओली फरशी दाबून धरली.

"अहो, जरा सांभाळून," दक्षा म्हणाली. "निसरडं आहे तिथे. पडाल."